तांडेलांचे सकर मासे

विश्वनाथ तांडेल जन्माने कोळी, मालवणकडचे, आणि भोपाळच्या बरखेड्यात पंचवीस वर्षं आमचे शेजारी. कारखान्यात फिटर. एवढा हट्टी माणूस मी माझ्या माहेरी, इंदुरातही पाहिला नाही बाई!

त्यांच्या मुलीच्या काचेच्या टाकीत काळ्या, टणक पाठीचे दोन मासे होते, सकर. मुलगी सासरी गेली तसे यांनी ते टाऊनशिपच्या तळ्यात सोडले. कोळ्याच्या पोराला पाळलेला मासा मारवेना! पाच-सहा वर्षांत तळ्यात सकरच सकर. रोहूची अंडी फस्त, काठ पोखरून चाळण झालेले. "पाप माझं आहे वहिनी, निस्तरूनच जाईन," म्हणायचे. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. मग क्वार्टर खाली करायचं आणि मुलीकडे नाशिकला जायचं.

रोज सकाळी छातीभर पाण्यात उतरायचे. जाळी फाटायची, हातांची सालटी निघायची. धरलेले मासे काठावर उन्हात टाकून पाळीला पळायचे. संध्याकाळी पुरायला यावं तर काठ रिकामा. "घारींनी नेले," म्हणायचे. तळ्यातले मात्र कमी होईनात. शेवटच्या महिन्यात माणूस पार खचला. ताटावरून उठून जायचे. "संपत कसे नाहीत हो?" एवढंच विचारायचे. त्यांची बायको, सुमित्रावहिनी, माझ्याकडे येऊन रडायच्या.

आणि मी? तांडेल पाळीला गेले की मी सकाळी फिरायला तिथूनच जायचे. ते मासे तासन् तास मरत नाहीत, नुसते तोंड उघडझाप करतात. आम्ही पडलो शाकाहारी, माझा जीव कासावीस व्हायचा. बादलीत भरायचे आणि द्यायचे पाण्यात सोडून. वाटायचं, एवढ्याशा जिवांनी तळ्याचं काय बिघडतंय? वर तांडेलांच्या माथी हत्याही नको. मेली माझी अक्कल!

निघायच्या दिवशी दारात ट्रक भरून उभा आणि हे अजून तळ्यात. मला राहवेना. काठावर जाऊन म्हटलं, "भाऊजी, घारी नव्हत्या. मीच सोडत होते परत."

"रोज?"

मी मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पाण्यात नुसते उभे राहिले, जाळं हातातून सुटलं तरी. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी सुमित्रावहिनींनी हाताला धरून त्यांना वर काढलं.

"आता कोण उतरणार?" तांडेलांनी मला विचारलं. "तुम्ही उतराल, वहिनी?"

मला तर गुडघाभर पाण्याचीही भीती वाटते.