गर्जनसिंहाचं घर

सुपरहिरोंच्या सिनेमात नेमकं काय चुकतं, हे साऱ्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला कळलं होतं. तो नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवायचा आणि रात्री माझ्या शेजारच्या कॉटवर घोरायचा. त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण मी त्याला आणि तो मला कायम 'पार्टनर' याच नावाने हाक मारत आलो. मी त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. खोलीत बोलायचं काम त्याचं, ऐकायचं माझं. मी मुळात अपराधी चेहऱ्याचा माणूस. बस चुकली तरी चूक माझीच असणार असं वाटणारा. त्यामुळे कँटीनमध्ये लोक त्याच्या वेडाला हसायचे तेव्हा मी ताटात बघत जेवायचो, आणि खोलीवर आलो की दार लावून विचारायचो, "मग पुढे काय होतं?" आज पन्नाशी ओलांडल्यावर सरळ सांगून टाकतो, ते वेड एकट्याचं नव्हतं.

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या टपरीत हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची. त्यातला गर्जनसिंह हा पार्टनरचा आवडता. हा गर्जनसिंह दिवसा शाळेत घंटा वाजवायचा आणि संकट आलं की सिंहाचा मुखवटा घालून अशी गर्जना करायचा की डोंगराला तडे जायचे. त्याच्यावर सिनेमा निघणार याबद्दल पार्टनरला तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न फक्त कसा काढायचा एवढाच होता, आणि तो त्याने स्वतःकडे घेतला होता. "पहिल्या भागात गर्जना ऐकवायचीच नाही," तो दाढी करता करता सांगायचा. "हा नुसता तोंड उघडणार. लगेच दुसऱ्या शॉटमध्ये पंचवटीतल्या एका स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी खाली. बस्स. पब्लिक तडफडलं पाहिजे. दुसऱ्या भागात अर्धी गर्जना. पूर्ण गर्जना तिसऱ्यात." मी विचारलं, "आणि पहिला भाग चालला नाही तर?" त्यावर रेझर हवेत धरून तो माझ्याकडे बघतच राहिला. असा विचार त्याच्या डोक्यात कधी आलेलाच नव्हता. खलनायकही त्याने नीट योजून ठेवला होता. त्याच्याकडे शहरातल्या सगळ्या कारखान्यांचे शिफ्टचे तक्ते असणार, आणि तो हल्ला करणार तो बरोबर शिफ्ट सुटताना, रस्त्यावर सायकलींची गर्दी असताना. सिनेमातली सगळी माणसं त्याने ओळखीतूनच निवडली होती. आमचा फोरमन खलनायक, मेसवाली मावशी गर्जनसिंहाची आई. मला कायम एकच भूमिका मिळायची, घाबरलेली जनता. "तुला मेकअप लागणार नाही," तो प्रेमाने म्हणायचा.

पुढे परदेशी सुपरहिरोंचे सिनेमे हिंदीत डब होऊन नाशकात यायला लागले, आणि पार्टनरच्या कष्टांना सीमा उरली नाही. प्रत्येक सिनेमा बघायचा, प्रत्येकाला सुधारायचा. हिरोकडे कपड्यांचा एकच जोड असतो, मग पावसाळ्यात तो वाळतो कसा, हे दाखवलंच पाहिजे, हा त्याचा आग्रह. एकदा खेळ सुटल्यावर तो तडक थिएटरच्या मॅनेजरकडे गेला. मागे मी, नेहमीच्या चेहऱ्याने.

"साहेब, पुढच्या भागात हिरोला एवढं उडवू नका. पायऱ्या चढू द्या. दम लागू द्या."

"अहो, आम्ही सिनेमा दाखवतो, काढत नाही."

"ते माहीत आहे. निरोप तर पोचवाल?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "पोचवतो," तो म्हणाला. पार्टनर बाहेर येताना समाधानाने म्हणाला, "माणूस चांगला आहे."

त्याची सगळ्यात मोठी तक्रार मात्र मुखवट्याबद्दल होती. "मुखवट्यातून फक्त समोरचं दिसतं, पार्टनर. बाजूचं नाही, पायाखालचं तर नाहीच. मग हा चारी बाजूंच्या गुंडांना मारतो कसा? मागे माणूस पाहिजे." हे तो अनुभवाने बोलत होता. त्याचं गाव हरसूलकडचं, डोंगरातलं. तिथे होळीनंतर बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर गावभर नाचत मंडपापर्यंत जातात. त्याला सोंग काढणं म्हणतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं, बापाकडून मुलाकडे जाणारं. मुखवटा एवढा जड की मागून एकाने दोरी धरून तोल सांभाळावा लागतो. पार्टनरच्या घराकडे म्हैसासुर होता. सोंग बाप काढायचा आणि मागची दोरी पार्टनर धरायचा.

सिनेमा काही निघत नाही असं दिसल्यावर एक दिवस त्याने ठरवलं, गर्जनसिंहाला बोहाड्यात काढायचं. झालं. आमच्या खोलीत बादलीत रद्दी भिजू लागली. लगद्याचा सिंह आकार घेऊ लागला. मालकीणबाई सकाळी पापड घालायला गच्चीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, हे कोणाचं मुंडकं वाळत घातलंय?" पार्टनर खालून म्हणाला, "काकू, सावलीत सरकवा जरा, तडे जातील."

पण गावची जाणती मंडळी ऐकेनात. तो दरवर्षी मुखवटा गोणपाटात बांधून एसटीने जायचा आणि तसाच परत आणायचा. त्यातले सगळ्यात म्हातारे आजोबा दरवर्षी तेच विचारायचे, "द्येव हाय का राक्षस हाय?" हा म्हणायचा, "दोन्ही नाय. माणूस हाय, पण लय जोराचा." "मंग मानसाला मुखवटा कशाला? त्याला त्वांड हाय की." परतल्यावर पार्टनर मुखवट्याला रंगाचा नवा थर द्यायचा. दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या गोष्टीत नवीन प्रसंग घालायचा, की गर्जनसिंहाला मुखवटा का लागतो. दरवर्षी कारण वेगळं, दरवर्षी आधीपेक्षा पक्कं. मुखवट्याला रंगाचे किती थर चढले ते देव जाणे. हार हा शब्द त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

मग एका वर्षी त्याने मलाही सोबत नेलं. त्या वर्षी त्याच्या बापाचे गुडघे गेले होते. म्हातारा ओट्यावर बसून होता, शेजारी म्हैसासुराचा मुखवटा. जाणत्यांनी पार्टनरला बोलावलं. आजोबा म्हणाले, "येवढी वर्सं येतोस. काढ तुझा तो शिंव्ह. पन येका घराचं येकच सोंग. तू शिंव्ह घेतलास तर म्हैसासुर दुसऱ्या घरी जाईल, आन मंग परत यायचा नाय."

बाप मुखवट्याच्या शिंगावरून नुसता हात फिरवत राहिला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आटापिटा केला तो सिंह पार्टनरच्या मांडीवर होता. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. दोनदा त्याने सिंह उचलला आणि परत मांडीवर ठेवला. शेवटी म्हणाला, "म्हैसासुर आमचाच. मी काढतो."

बापाने डोळे पुसले. आजोबा उठायला लागले, तोच पार्टनर माझ्याकडे वळला.

"पार्टनर, तुमच्या घरात कुठलं सोंग आहे?"

"आमच्याकडे सोंग कुठलं?"

"मग झालं. आजोबा, शिंव्ह ह्याच्या घरचा."

"ह्याचं घर कंचं?"

"सातपूर."

"सातपूर कंच्या पाड्याला आलं?"

"लांब हाय. पन पावना हाय, त्याला नाय कसं म्हनता?"

आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आयुष्यात मोठ्याने हाकही न मारलेला माणूस, आणि माझ्या वाट्याला गर्जनसिंह! मी नाही म्हणणार होतो, पण माझं 'नाही' बाहेर यायला नेहमीच वेळ लागतो. तोवर आजोबांनी मान हलवली होती.

म्हैसासुराचं सोंग सगळ्यात शेवटी असतं. त्याच्या आधी, उजाडता उजाडता, मला उभं केलं. मुखवटा डोक्यावर आला आणि जग दोन भोकांएवढं उरलं. मागे दोरी धरायला पार्टनर, अंगात आधीच राक्षसाचा काळा झगा. संबळ वाजला. मी चाललो, मग मला न विचारता पाय नाचायला लागले. लोक हसले असतील, मला ऐकू आलं नाही. इतक्या माणसांत माझा चेहरा पहिल्यांदाच कोणाला दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

मंडपाजवळ एक म्हातारी वाटेत आली. देवांच्या सोंगांना लोक नवस बोलतात. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "बाबा, तू कंचा द्येव मला ठाव नाय. पन औंदा आमच्या पाड्यावर टँकर वक्ताला येऊ दे."

आजी, मी स्टोअरमधला कारकून आहे, असं अगदी ओठांवर आलं. मागून दोरीला हिसका बसला.

"हो म्हण, पार्टनर."

"अरे, पण..."

"गर्जना राहू दे. नुसतं हो म्हण."

मी हो म्हणालो. तिला ऐकू गेलं असावं, कारण ती उठली आणि बाजूला झाली.

पुढे कारखाना बंद पडला. पार्टनर गावी गेला तो तिकडचाच झाला. सिनेमा निघाला नाही. आता सुपरहिरोंचे सिनेमे ढिगाने येतात, पण तो बघत नाही. म्हणतो, "सगळे नुसते उडतात." एकदा निघालेलं सोंग मोडायचं नसतं, म्हणून मी दरवर्षी हरसूलची एसटी पकडतो. ती म्हातारी काही वर्षं त्याच जागी भेटायची, अलीकडे दिसत नाही. त्या वर्षी टँकर आला का, हे मी कधी विचारलं नाही आणि पार्टनरनेही सांगितलं नाही. उन्हाळ्यात मात्र इथे नाशकातल्या रस्त्यावर टँकर दिसला की पाय थांबतात. एकदा धीर करून ड्रायव्हरला विचारलं, कुठे चाललाय म्हणून.

"सोसायटीत. का, कुठं पाहिजे होता?"

मी त्या म्हातारीच्या पाड्याचं नाव सांगितलं. त्याने जरा आठवून पाहिलं, आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तिकडं आपली गाडी जात नाही, साहेब."