गादीवर बसलेली देवी

इतवारीतल्या एका ठोक साड्यांच्या दुकानात मी काम करते. माझे आजोबा हातमागावर साड्या विणायचे. मी सुरतेहून आलेल्या विकते. घराण्याचा धंदा टिकवला म्हणायचा.

दुकानात माझ्याबरोबर दोन सेल्समन होते. एकाला सगळे महाराज म्हणत. चहासुद्धा न पिणारा, बायकांशी बोलताना नजर जमिनीवर ठेवणारा. दुसरा तंबाखू खाणारा, गिऱ्हाइकांची थट्टा करणारा. त्याची बायको नर्स. तिला सकाळची ड्यूटी असली की डब्यातल्या पोळ्या हाच लाटून आणायचा. जाड आणि एका बाजूनं करपलेल्या.

लगीनसराईत कुहीहून एक कुटुंब बस्ता बांधायला आलं. नवरीच्या आईला हवा तो रंग गोदामात होता. फोटो दाखवायला या थट्टेखोरानं मोबाईल काढला, आणि एका बाईचं कण्हणं दुकानभर घुमलं. पडद्यावर साडी कुठंच नव्हती. घाबऱ्याघुबऱ्या त्याला बटणही सापडेना.

"घरी कोणी बीमार आहे का गा?" नवरीच्या आईनं काळजीनं विचारलं.

नवरीनं ओढणी तोंडात कोंबली. तिला बरोबर कळलं होतं.

ते लोक गेल्यावर महाराज कडाडले, "याले काढा, शेठजी! असलं पाहणारा माणूस बाईले माणूस समजत नाही."

मला ते पटलं. आजही बरंचसं पटतं. शेठजींनी मात्र त्याला काढलं नाही, गोदामात धाडलं.

पुढं आमचे म्हातारे मॅनेजर थकून घरी बसले, आणि शेठजींनी मला त्यांच्या गादीवर बसवलं. गोदामवाला काहीतरी पाणचट बोलणार, याची मला खात्री होती. चार खरमरीत वाक्यं मी मनात तयार ठेवली होती. तो किल्ल्या घेऊन आला आणि म्हणाला, "कोणता गठ्ठा आधी फोडू, ताई?" माझी वाक्यं वाया गेली.

आले ते महाराज. हात जोडून, नजर खाली.

"ताई, मी तुमाले देवी मानतो."

"बरं मग?"

"देवीनं मखरात बसावं. गादीवर बसून हुकूम सोडून राहिली, तर कसं होईन?"

"हुकूम कसला? माल दाखवा एवढंच सांगीन."

"बाईच्या हाताखाली माह्यानं होत नाही."

आणि ते समोरच्या दुकानात लागले. जाताना मला नमस्कार केला, तोही माझ्याकडे न बघता.

घरी हे सगळं सांगितलं. नवरा पलंगावरून म्हणाला, "त्या गोदामवाल्यापासून जपून राहत जा." मग भाजीला अजून किती वेळ आहे ते विचारलं.

एक दिवस डबा खाताना मी गोदामवाल्याला विचारलंच, "तुम्ही ते पाहता, त्यातल्या बाईले कोणी विचारत असन का हो, तुले हे करायचं आहे का म्हणून?"

त्यानं पोळीचा करपलेला तुकडा काढून बाजूला ठेवला.

"नसन विचारत."

"तरी पाहता?"

"पाहतो," तो म्हणाला. मग माझ्या डब्याकडे बघत, "तुमच्याकडं पोळ्या कोण करते, ताई?"

"मी."

"रोज?"

मी लोणच्याची बाटली उघडायला घेतली. झाकण घट्ट होतं, हे बरंच झालं.

थोड्या दिवसांनी समोरच्या शेठचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि तिथल्या गादीवर सून बसली. ही बातमी गोदामवाल्यानंच हसत हसत आणली. महाराजांनी तेही दुकान सोडलं होतं. आता ते सीताबर्डीला पुरुषांच्या शर्टांच्या दुकानात आहेत म्हणे.

"तिथं तरी सुखी राहो बिचारा," मी म्हटलं.

"कायचा सुखी? शर्ट घ्यायला बी बायाच येऊन राहिल्या," तो म्हणाला, आणि गठ्ठा उचलून आत गेला.