चंद्रभानची बेशरम

चंद्रभानला बसता येत नसे. पाय धड होते, गुडघेही मोडत. पण पंगतीत पान वाढून होईपर्यंत तो उठून आचाऱ्याला जाळ कसा लावावा हे सांगून येई. कीर्तनात तो खांबाला टेकून उभा राही आणि निरूपण लांबलं की खांब हलवून पाही. भातकुलीकडचा खारपाणपट्टा हा मुळात सावकाश माणसांचा. जमीन काळी, सपाट, विहिरींचं पाणी खारट. घाई करून मिळवायचं काय? त्यात खारखेड तर आणखी सावकाश. अशा गावात एकट्या चंद्रभानलाच सारखी कशाची तरी घाई होती.

बाहेरगावी गेला की तो काहीतरी घेऊन येई. धामणगाव रेल्वेहून त्यानं उंदरांचा पिंजरा आणला, त्यात आधी सरपंच नत्थुजींची मांजर सापडली. पातूरकडून लिंबाची कलमं आणली, ती खाऱ्या पाण्यानं मेली. पण मरेपर्यंत तो रोज त्यांच्या समाचाराला जात असे. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात वर्ध्याकडे एका लग्नाला गेला, तेव्हा वरात पुढे गेली आणि हा एका शेताच्या कुंपणापाशी उभा राहिला. ऐन वैशाखात कुंपण हिरवंगार, वर फिकट जांभळी फुलं. शेजारी बांधलेली बकरी त्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती.

"काय म्हंता भाऊ याले?" त्यानं शेतमालकाला विचारलं.

"बेशरम."

"नाव इचारून राहिलो मी. शिव्या काहून देता?"

"नावच सांगून राहिलो ना बाप्पा! तोडलं तरी येते, फेकलं तरी येते. म्हून बेशरम."

शहाण्या माणसाला एवढी सूचना पुरली असती. चंद्रभानला ती शिफारस वाटली. काड्यांचा भारा एस.टी.च्या टपावर टाकून त्यानं गावी आणला आणि तळ्याकाठच्या आपल्या शेताला कुंपण घातलं. पावसाळ्यात कुंपण असं तरारलं की लोक काड्या मागायला आले. त्यानं त्या फुकट वाटल्या, सत्यनारायणाच्या प्रसादासारख्या, कोणी विसरला असेल तर घरी नेऊन.

आता तळ्याविषयी. खारखेडच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत उकळली तरी दाताखाली कचकन वाजे. गोड पाणी काय ते तळ्यात. तळ्याला घाट दोन. वरच्या अंगाला दगडी पायऱ्यांचा, तो गावाचा. खालच्या अंगाला नुसत्या चिखलाचा, तो पूर्वी महारवाडा म्हणत त्या वस्तीचा. वस्तीनं छप्पन साली दीक्षा घेतली, घराघरात बुद्धाची तसबीर लागली, घाट मात्र होता तिथेच राहिला. शिवाशिवीविरुद्धचा कायदा तर दीक्षेच्याही आधीचा. तो बहुधा अमरावतीला एस.टी.ची वाट पाहत असावा.

बेशरमीनं आधी काठ धरला, मग चिखल, मग पाणी. फांद्या पाण्यावर आडव्या पडत आणि टेकतील तिथे मुळं धरत. गाळ अडला, पाण्याला वास आला, मासोळी गेली. हिवाळ्यात उतरणारी बदकं वरूनच एक गिरकी घेत आणि अकोल्याकडे निघून जात.

गावानं झाडाचं बारसं नव्यानं केलं. 'चंद्रभान पायऱ्यांवर आला', 'चंद्रभानात म्हैस फसली', 'चंद्रभानानं डास लय केले'. सगळ्यात कठीण गत झाली त्याच्या बायकोची. जयवंता नवऱ्याचं नाव घेणारी नव्हती, त्यामुळे अख्ख्या गावात जुनं नाव तेवढं तिच्याच तोंडी उरलं. एकदा पाण्यावर ती वैतागून म्हणाली, "काय सांगू बाई, त्या बेशरमीनं मांगच्या अंगनात पाय पसरले. हाकललं तरी हालत नाई."

"कोन वयनी, चंद्रभान का?" एकीनं साळसूदपणे विचारलं.

"तेच तं!" जयवंता म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचली. गाव पोट धरून हसलं. चंद्रभान हसला नाही. रात्री जेवताना अर्ध्या भाकरीवर उठून तो म्हणाला, "तळं साफ झाल्याबिगर मी बसत नाई."

"तुमी तसेबी कवा बसता?" जयवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो विळा घेऊन तळ्यात उतरू लागला. कापलेल्या फांद्या पाळीवर टाकल्या. श्रावणात पाळ हिरवी झाली. पाळीवरच्या कापून शेतात टाकल्या, शेतात उगवल्या. तो जितका कापी तितकी ती वाढे, आणि दोघांपैकी कोणाला बेशरम म्हणावं हे पाहणाऱ्याला ठरवता येत नसे.

मग त्याला पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरची पळसाची डहाळी शिवेबाहेर नेऊन टाकायची, 'खासी-खोकला, इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत' म्हणून ओरडायचं आणि मागे न पाहता परतायचं, अशी रीत. रोगराई जाते तर बेशरम का जाणार नाही? त्यानं दारोदार फिरून गाव तयार केलं. साठ सालच्या पोळ्याला खारखेडनं तळ्यातली निम्मी बेशरम उपटली, खांद्यावर घेतली आणि ढोल बडवत शिवेबाहेर नेऊन टाकली. रिवाजाप्रमाणे कोणीही वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर नाला दिसला असता. आणि नाला कुठे येतो हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भादव्यात पूर आला आणि सगळी मारबत तळ्यात परत आली.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही घाट बुजले. उघडं पाणी उरलं ते दोन घाटांमधल्या एका बाभळीखाली, जिथे एकच खडक होता. त्या खडकावर साऱ्या गावच्या घागरी भरू लागल्या, वरच्या अंगाच्या आणि खालच्या अंगाच्या. सुरुवातीला काही म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. पण प्रश्न डाळीचा होता. धर्म आणि डाळ यांतून खारखेडनं डाळ निवडली, आणि तसं बोलून न दाखवण्याची खबरदारी घेतली.

तेही पाणी महिन्या-दोन महिन्यांचं होतं, हे चंद्रभानला दिसत होतं. तो वस्तीत चतुराबाईकडे गेला. निंदणाला जाणाऱ्या बायांची ती पुढारीण. ती 'चाला' म्हणाली की वीस विळे उठत.

"बाया पायजेत," तो अंगणात येरझारा घालत म्हणाला. "कापाले नाई, खंदाले. मूळ काढू, खळ्यावर उलटं वाळवू, जाळू. एक काडी पान्यात पडू द्यायची नाई."

"येऊ ना. डाळ आमालेबी लागते," चतुराबाई म्हणाली. "पन एक सांगा भाऊ. घाट मोकळे झाले का आमी कुठी भराव पानी?"

तो थांबला.

"आज एका दगडावर भरून राहिलो. कोनाचं काही झडलं नाई. तुमी घाट साफ कराल, अन् आमाले म्हनाल, जा आपल्या चिखलात. मंग तुमच्यापरीस ते बेशरम काय वाईट?"

चंद्रभान जायला उठणार होता, पण मुळात बसलाच नव्हता. अंगणाला एक फेरा घालून तो परत आला.

"दगडी घाट खंदू. साऱ्याइसाठी."

"नत्थुजी आयकतीन?"

"नत्थुजी काय चिखलात उतरून राहिले? शब्द देतो मी."

"तुमी काड्या तं कुठीबी लावता भाऊ. शब्द जगला पायजे."

वैशाखात काम सुरू झालं. पहिल्यांदा बाया आणि चंद्रभान. मग दगडी पायरी दिसू लागली तशी वरच्या अंगाचीही माणसं कुदळी घेऊन आली, लाजेनं असेल किंवा डाळीनं. मुळं हातभर खाली गेलेली. खळ्यावर ढीग उलटा वाळत पडला. पाणी रुंद होऊ लागलं, पायरीमागून पायरी निघाली, आणि चंद्रभान काठावरून काठावर धावत खाली पडलेली काडी न् काडी वेचत राहिला.

दगडी घाट मोकळा झाला त्या दिवशी नत्थुजी छत्री घेऊन पाहायला आले.

"झकास झालं लेका," ते म्हणाले. "आता खालचा घाटबी काढून टाक. त्याइची सोय झाली पायजे ना! इथं गर्दी काहून?"

कुदळी थांबल्या. चतुराबाईची तेवढी चालू राहिली. तिनं मान वर केली नाही.

चंद्रभाननं खालच्या अंगाला पाहिलं. तिथे बेशरम पुरुषभर उंच उभी होती, फुललेली. तळ्यातली शेवटची. दोन वर्षं ज्या दिवसासाठी त्यानं हाडं झिजवली तो दिवस पार तिच्यापाशी येऊन थांबला होता. आणि ती आठ दिवसांचं काम होती.

"तिथली निंगत नाई," तो म्हणाला.

"काहून? इथली तं निंगाली!"

"तिथलीची जात येगळी हाये, नत्थुजी."

बायांत कोणीतरी फिसकन हसलं.

"एकाच भाऱ्यातली आनली ना लेका तू?"

"म्हून तं मले मालूम."

नत्थुजींनी छत्री मिटली. मग स्वतः खात्री करावी म्हणून खालच्या अंगाला चार पावलं उतरले. एक चप्पल चिखलात गेली. ती चंद्रभाननंच काढून, धुऊन त्यांच्या हातात दिली. चप्पल तशीच हातात धरून ते घरी गेले. दुसऱ्या सकाळी त्यांची सून दगडी घाटावर आली, तेव्हा चतुराबाई घागर भरत होती. सून जरा थांबली. चतुराबाईनं घागर उचलली, सून त्याच पायरीवर उतरली.

त्यानंतर दर वैशाखात चंद्रभान खालच्या अंगाला एकटा जाई. झुडूप वाढून पाण्यात येऊ नये म्हणून कडेनं मुळं छाटी, पण बुडाला हात लावत नसे. एवढं एक झुडूप निघत नाही का, असं लोक चिडवत. "नाई निंगत," तो म्हणे, आणि पुढे चालू लागे. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. ज्यांना कळवून घ्यायचं नव्हतं त्यांचीही सोय झाली होती.

पासष्टचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी दगडी घाटाच्या तळच्या पायरीखाली सरकलं आणि खालच्या अंगाची बेशरम पिवळी पडली. ती अशी मरत नसते हे चंद्रभानइतकं कोणाला ठाऊक? पण त्याची झोप उडाली. एका पहाटे जयवंता त्याच्या मागोमाग गेली, तर हा झुडपाच्या बुडाशी खाऱ्या विहिरीची घागर ओततो आहे.

"काय करून राहिले हे?"

"मेलं तं जागा मोकळी दिसन," तो म्हणाला. "जागा मोकळी दिसली का लोकाइले जुनं आठवते."

जयवंता झुडपाजवळ आली. मग तिनं घागर त्याच्या हातातून घेतली.

"बुडाशी नोका वतू," ती म्हणाली. "कुजन ते. असं बाजूनं वता."