आत्याबाईच्या तोंडचे शब्द

वाचनालयाच्या सभागृहातले पंखे जुने आणि आवाज करणारे, त्यामुळे बोलणारा प्रत्येक जण जरा ओरडूनच बोलत होता. वर्तमानपत्राचा वाढदिवस होता आणि त्यांनी जुन्या वाचकांना बोलावलं होतं. विषय एकच, पेपरात येणाऱ्या जुन्या चित्रपट्ट्या. आता पेपरात त्या येत नाहीत. आता तिथे केस गळू नयेत म्हणून काय लावावं ते येतं. पण एके काळी लोक पेपर उलटा धरून, मागच्या पानापासून वाचायचे, ते या चित्रांपायी.

एक निवृत्त केमिस्ट सांगत होते की त्यांचे वडील पेपर घडी घालून चक्क त्यावर बसायचे, आपली अंघोळ होईपर्यंत पोरांनी चित्रं बघू नयेत म्हणून. एक शिक्षिका म्हणाल्या, "जमिनीवर पेपर पसरून पालथं पडायचं. शाळेत गेलं की बाई शाईनं काळी झालेली कोपरं बघायच्या आणि म्हणायच्या, आज पण चित्रपट्टी वाचून आलीस." कुणाला हंसाला घाबरणारा पोस्टमन आठवत होता, कुणाला चंद्रावर कपडे वाळत घालणारं कुटुंब. साठी ओलांडलेली माणसं, पण चेहरे बघावेत तर खाऊ मिळाल्यासारखे.

शेवटच्या रांगेत खांबाच्या आड फुगेवाली बसली होती. बसली होती कसली, लपली होती म्हणा. तिचं खरं नाव पेपरच्या कचेरीत सुद्धा कुणी घेत नसे. चित्रपट्टीतली माणसं बोलतात ते डोक्यावरच्या पांढऱ्या फुग्यात, आणि ते फुगे भरणं हे तिचं काम. म्हणून ती फुगेवाली.

मग आत्याबाईचा विषय निघाला. तो निघणारच होता.

आत्याबाई म्हणजे आवळून बांधलेला अंबाडा, हातात छत्री, घरात एक भित्रा भाचा आणि त्याची बायको. राखाडी स्वेटर घातलेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मला एकच पट्टी आठवते. आत्याबाई नवऱ्याचा फोटो पुसत असते. भाचा म्हणतो, काका वर वाट बघत असतील. आणि ती म्हणते, जागा धरून ठेवली असेल त्यांनी. खिडकीची मात्र माझी. जन्मभर तेच बसले खिडकीशी." सभागृह हसलं. गृहस्थ थांबले, चष्मा काढला. "माझी आई गेली ना, तेव्हा वडील तिच्या उशाशी बसून हेच बोलले. तू हो पुढे, खिडकीची जागा तुझी. आम्ही रडता रडता हसलो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुगेवालीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ते वाक्य चित्र काढणाऱ्याचं नव्हतं आणि तिचंही नव्हतं. ते तिच्या सासूचं होतं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात.

पट्ट्या यायच्या लांबून, परक्या देशातून, गुळगुळीत कागदावर छापलेल्या. फुग्यांत परकी अक्षरं असायची. फुगेवाली ती पांढऱ्या रंगानं पुसायची, पंख्याखाली वाळवायची आणि मग बारीक निबानं काळ्या शाईत मराठी मजकूर भरायची. मजकूर द्यायचे एक उपसंपादक. त्यांना तीन भाषा यायच्या आणि हसता एकाही भाषेत यायचं नाही. मूळचा विनोद त्यांच्या हातून आला की सरकारी सूचनेसारखा दिसायचा, आणि वर तो फुग्यात मावायचा नाही. फुग्याचा हा कायदाच आहे. मावेल तेवढंच बोलायचं.

एके दिवशी उपसंपादक तापानं घरी पडले आणि आत्याबाईचा मजकूर आलाच नाही. पान निघायची घाई. चित्रात आत्याबाई कपात डोकावून बघतेय आणि भाच्याची बायको समोर उभी आहे. फुगेवालीला सकाळचीच गोष्ट आठवली. घाईघाईनं केलेल्या चहाकडे बघत सासूबाई म्हणाल्या होत्या, "हा चहा आहे, की चहाची आठवण?" तिनं तेच भरलं. फुग्यात ते मापानं शिवल्यासारखं बसलं. दुसऱ्या दिवशी संपादक स्वतः खाली आले. इतकी वर्षं त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. "हे कोणी लिहिलं?" म्हणाले. ती म्हणाली, "मी." झालं. तो एवढासा शब्द, 'मी', पुढे तिच्या मानगुटीवर कायमचा बसला.

त्या दिवसापासून आत्याबाईचा मजकूर तिच्याकडे आला. आणि तिचा मजकूर घरी, खुर्चीत बसून भाजी निवडत असायचा.

सासूबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई, पण मन स्वच्छ. लेकाचा चष्मा सापडेना, तर म्हणायच्या, "डोकं धडाला शिवलंय म्हणून बरं, नाहीतर तेही बसमध्ये विसरला असता." डॉक्टर पथ्याचं सांगायला लागले, तर, "तुम्ही गोळ्या द्या, उपदेश माझ्याकडे घरचा आहे." उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याला, "बसा हो, तुम्ही उठलात की मला काम करावं लागेल." सून बसमध्ये बसेपर्यंत ते वाक्य तोंडात घोळवायची, कचेरीत शिरली की फुग्यात उतरवायची. घराघरांत लोक आत्याबाईसारखं बोलायला लागले. पोरं आयांना उलट उत्तरं देऊन म्हणायची, मी नाही, आत्याबाई म्हणाली.

आणि गंमत बघा, सासूबाईंनाही ती पट्टी जिवापाड आवडायची. सून कचेरीत अक्षरं काढते एवढं त्यांना ठाऊक होतं. शब्द कुणाचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. सकाळी पेपर आला की भिंग घेऊन मागचं पान आधी. वाचायच्या, गुडघ्यावर थाप मारायच्या. "ही बया अगदी माझ्यासारखी बोलते गं. कुणीतरी हिला चांगलं वळण लावलंय." आवडलेली पट्टी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. दार उघडलं की त्यांच्याच बोलण्याच्या ओळीच्या ओळी, आणि त्या खूश. सून चहा ओतत मान खाली घालून हसायची. तेव्हा तिला लाज वाटली का? थोडी वाटली. पण कौतुकाची चटक लागली होती, आणि चटक लागली की लाज थोडी बाजूला सरकून बसते.

मग सासरे जाऊन वर्ष होत आलं. एका दुपारी घरात दोघीच होत्या. सासूबाईंनी सवयीनं दोन कप काढले, मग एक पुन्हा जागेवर ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. कधी न रडणारी बाई. सुनेनं पाठीवर हात ठेवला तेव्हा त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगून ठेवलंय त्यांना, जागा धरा म्हणून. खिडकीची मात्र माझी. जन्मभर तेच बसले खिडकीशी, आणि मी आपली ह्यांच्या खांद्यावरून बघायची." आणि मग हसल्या. नाक पुसलं, म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस, नाहीतर म्हणतील म्हातारी चळली."

कुणाला सांगू नकोस, असं म्हणाल्या होत्या. हे शब्द कानांनी ऐकले होते तिनं.

पुढच्याच आठवड्यात आत्याबाई फोटो पुसतानाची पट्टी आली. मूळ विनोद धुळीवर होता आणि अगदीच पुचाट होता. फुगेवाली निब हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. नको, असं स्वतःशी म्हणाली. मग म्हणाली, कुणाला कळणार आहे. आणि भरलं.

ते छापून आलं त्या सकाळी सासूबाईंनी भिंग घेतलं, वाचलं. गुडघ्यावर थाप पडली नाही. पुन्हा वाचलं. बाकीची वाक्यं त्यांनी चारचौघांत उधळलेली, ती कुणीही उचलली असती. हे एकीलाच सांगितलेलं. त्यांनी पेपराची घडी घातली, कपाट उघडलं आणि चिकटवलेली एकेक पट्टी नखानं सोलून काढली. सून दारात उभी होती. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, "आई, ते मी..."

"उशीर होईल तुला," सासूबाई म्हणाल्या. "बस जाईल."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर सुनेनं पाय धरले असते. पण त्यांनी तोंडच मिटलं. म्हणजे बोलायच्या, पण कसं, तर, हो. नको. झालं. भात वाढ. मुलाशी बोलायच्या, शेजारणीशी बोलायच्या, दूधवाल्याची तर सालटी काढायच्या. सून खोलीत आली की गप्प. नवरा म्हणायचा, "आईला काय झालंय? तुझं काही बिनसलंय का?" ती म्हणायची, वय झालं त्यांचं. म्हणजे खोटं बोलून खापर पुन्हा त्यांच्याच डोक्यावर.

इकडे आत्याबाई अळणी झाली. वाचकांची पत्रं आली, म्हातारी आजारी आहे का म्हणून. संपादक म्हणाले, "बाई, हात आखडता का घेतलाय?" आणि ही शहाणी एका दुपारी लवकर घरी आली. आत शेजारीण आणि सासूबाई बोलत होत्या, शेजारणीचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. फुगेवाली स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिली. चोरासारखी, स्वतःच्या घरात.

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "पाय दिसतायत. उभंच राहायचं तर चपला काढून राहा, फरशी पुसलीय."

शेजारणीला वाटलं विनोद आहे, ती आणखी हसली. फुगेवालीच्या अंगाचं पाणी पाणी झालं. पण सगळ्यात वाईट काय माहीत आहे? त्या शरमेतसुद्धा तिच्या डोक्याच्या एका कोपऱ्यानं माप घेतलं. दुसऱ्या फुग्यात, दोन ओळींत बसेल. ते कळलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली. ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईचं काम तिनं परत उपसंपादकांच्या टेबलावर ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाली, सुचत नाही. पुढे काही महिन्यांत ती पट्टी बंदच पडली.

तिला एकच आशा होती. आता मी काही नेत नाही, हे कधीतरी आईंना दिसेल, आणि त्या माझ्याशी पुन्हा बोलतील. चिडून बोलू देत, टोमणा मारू देत, पण ते त्यांच्या पद्धतीचं एक वाक्य माझ्या वाट्याला येऊ दे. ती मुद्दाम चहा पातळ करायची. सासूबाई निमूट प्यायच्या.

शेवटी त्या इस्पितळात पडल्या. सुनेनं रजा काढली, उशाशी बसली, केस विंचरले, सगळं केलं. करून घेतलं त्यांनी, हात झिडकारला नाही कधी. एका सकाळी नर्स सुई द्यायला आली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, ओठ हलले, डोळ्यांत ती जुनी चमक आली. आता येणार, सुनेला कळलं. ती पुढे वाकली. सासूबाई थांबल्या. सुनेकडे बघून क्षीण आवाजात म्हणाल्या, "जरा बाहेरून पाणी घेऊन ये." तांब्या भरलेला होता. ती तो रिकामा न करता तसाच उचलून बाहेर गेली.

थोड्या वेळानं नर्स बाहेर आली ती तोंडावर हात धरून, हसून डोळ्यांत पाणी आलेलं. "काय बाई आहेत हो तुमच्या सासूबाई."

"काय म्हणाल्या?" फुगेवालीनं विचारलं.

नर्सचं हसू ओशाळं झालं. "तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. सुनेला सांगितलं की छापून येतं, म्हणाल्या."

तिनं पुन्हा विचारलं नाही. ती नर्स पुढे बरेचदा बाजारात दिसली, समोरून आली, हसली. फुगेवालीनं कधीच विचारलं नाही. आयुष्यात तेवढं एक तिनं नीट केलं. सासूबाई त्याच आठवड्यात गेल्या.

सभागृहात कुणीतरी तिला ओळखलं. "अहो, फुगेवाली बाई इथेच आहेत की." सगळ्या माना वळल्या, टाळ्या सुरू झाल्या, तिला उभं राहावं लागलं. राखाडी स्वेटरवाले गृहस्थ तर हात जोडून उभे. सूत्रसंचालक मुलगी माईक घेऊन जवळ आली, "बाई, आत्याबाईचं एखादं न छापलेलं वाक्य सांगा ना. एखादं तरी राहिलंच असेल."

फुगेवालीनं माईक धरला. "आहे," ती म्हणाली. "एक आहे. पण ते मला सांगितलेलं नाही."

लोक खळखळून हसले. अगदी आत्याबाई शोभलात, असं कुणीतरी मागून म्हणालं. ती माईक परत देऊन खाली बसली आणि टाळ्या थांबेपर्यंत चपलांकडे बघत राहिली.