पाखरांसाठी ठेवलेलं संत्र्याचं झाड

जय हरी मंडळी. आज बागेतल्या संत्र्यांच्या सौद्याचे उरलेले पंचेचाळीस हजार आले. मजुरांच्या चहा-पोह्याला तीनशे गेले.

आमचे हे श्रावणात देवाघरी गेले. त्यांच्या माघारी ही पहिलीच तोडणी. ते ट्रकवर संत्री घेऊन दिल्ली, कलकत्ता, मद्रास सगळं फिरले, पण तोडणीला घरीच असत. लेकरांना बागेत नेऊन पाखरं ओळखायला शिकवत. विहिरीजवळचं एक झाड दरवर्षी पाखरांसाठी सोडत.

दुपारी पाहिलं तर तेही रिकामं. मुकादमाला विचारलं, "भाऊ, हे कशाला तोडलं?"

"काकाजी सांगत होते काकू, याले हात लावू नका म्हणून. यंदा कोणी सांगतलंच नाही."

त्याचं काय चुकलं? सांगायचं मला सुचलं नाही.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना आई, पाखरं काय उपाशी मरून राहिले?"

पण संध्याकाळी बुलबुल आले, रिकाम्या फांद्यांवर जरा वेळ बसले आणि निघून गेले. मला पाहवलं नाही.

सौसर, तिगाव, मोहगावकडे कोणाची तोडणी बाकी असेल तर एक झाड पाखरांसाठी राहू द्या. त्या झाडाच्या संत्र्यांचे पैसे मी देईन. उद्याच तोडणी असेल तर आज रात्रीच इथं कळवा.