डॉक्टर तुमची वाट पाहत आहेत

डॉक्टरांना त्यांच्या सख्ख्या भाच्याने फसवलं. ते गेल्यानंतर फसवलं, म्हणून कोणी बोलत नाही. मी बोलणार.

डॉक्टर आधी समोरच्याचं मनगट धरायचे, मग "बोला" म्हणायचे. मग तो पेशंट असो, नाहीतर कुरिअरवाला. त्यांच्या कोथरूडच्या क्लिनिकचं वेबपेज सुधारायला मी गेलो, तेव्हा माझंही धरलं. मी भाव सांगितला. ते डोळे मिटून म्हणाले, "अहो पाटीवाले, हा आकडा तुमच्याच नाडीला पटलेला नाही. जरा खाली या." मी भडकलो. नाडी आणखी पळाली. ते हसले. घासाघीस मी तेवढी एकदाच हरलो.

पाटीवाले, कारण मी मूळचा पाट्या रंगवणारा. फ्लेक्स आले, ब्रश सुटला, तसा कॉम्प्युटर शिकलो. कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

जुन्या पेजवर नुसते मशिनचे फोटो होते. फोन नंबर शोधावा लागायचा. मी सगळं काढलं. वर डॉक्टरांचा फोटो, पेशंटचं मनगट धरलेला. खाली एकच मोठं बटण, 'वेळ घ्या'. ते दाबलं की मोबाईलवर मेसेज: 'तुमची वेळ ठरली आहे.'

डॉक्टरांनी वाचून चष्मा काढला. "अहो, हे खातं यमाकडे आहे. आपण कशाला हात घालायचा?"

"मग काय लिहू?"

"लिहा, डॉक्टर तुमची वाट पाहत आहेत. माणूस निम्मा तिथेच बरा होतो."

तसं लिहिलं. क्लिनिकमध्ये बसायला जागा उरेना. कारभार बघणारा भाचा खूश. डॉक्टर मात्र प्रत्येकाला घ्यायला दारापर्यंत यायचे. "वाट पाहतो म्हटलंय ना? मग बसून कसं चालेल?"

दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. तेराव्याला मी भाच्याला बाजूला घेतलं. "फोटो आणि मेसेज आज काढतो."

"छे, काढू नका. बुकिंग त्यावरच चालतंय. मामाही हेच म्हणाले असते."

संध्याकाळी बघतो तर पासवर्ड बदललेला.

पुढचं मला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, नोकरी सोडल्यावर. कात्रजच्या एक काकू आल्या. छातीत जड वाटत होतं, तरी घराजवळचा दवाखाना ओलांडून, बस बदलून इथवर आल्या. काउंटरवर मेसेज दाखवला.

"काकू, दुसरे डॉक्टर आहेत. त्यांना दाखवता का?"

"नको गं बाई. हे वाट पाहतायत ना माझी? थांबते मी."

मामा गेले हे पेशंटला सांगायचं नाही, असा भाच्याचा हुकूम होता. मुलीने खुर्ची पुढे केली. काकू दाराकडे बघत राहिल्या; आता येतील घ्यायला, म्हणून. दुपारी त्या खुर्चीतच कलंडल्या. दुसरे डॉक्टर धावले, पण उशीर झाला होता. मोबाईल मुठीत तसाच होता.

तुम्हीही ते पेज उघडून बघा. फोटो आहे, बटण आहे. काल मी स्वतःच्या नावाने ते दाबलं. लगेच मेसेज आला: 'डॉक्टर तुमची वाट पाहत आहेत.' माझा हात आपोआप मनगटावर गेला.

वाट पाहताहेत, पण कुठे? पत्ता भाच्याने द्यावा. लेखी द्यावा. आणि आधी काकूंच्या घरी जाऊन द्यावा.