डॉक्टरांना नारळ देणारे आमचे व्याही

अमृतकलश घेऊन प्रकटलेल्या श्रीधन्वंतरीला प्रथम साष्टांग नमस्कार. आज धनत्रयोदशी. या दिवशी धने आणि गूळ नैवेद्याला ठेवून आरोग्य मागण्याची आमच्या घरची रीत आहे. यंदा नैवेद्य दाखवताना देवापाठोपाठ मला आमचे व्याही आठवले आणि त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले. पुणे शहरात आजवर कोणाही एका मनुष्याने आमच्या व्याह्यांइतके डॉक्टर सोडलेले नाहीत, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो.

व्याही म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. ते सदाशिव पेठेत राहतात, मी नारायण पेठेत. मुलगी आणि जावई शहराबाहेर मांजरी गावात नव्या घरी गेल्यापासून दवाखान्यात व्याह्यांची सोबत करण्याचा मान माझ्याकडे आला. त्याला मान म्हणण्याचे कारण असे की, मुलीच्या सासऱ्याने ‘चला’ म्हटले असता वधूपित्याने ‘कशाला’ म्हणून विचारावयाचे नसते. मुलीच्या लग्नाला पंधरा वर्षे झाली, तरी आमच्या पिढीच्या अंगातून ही शिस्त जात नाही. ते तपासणीच्या खोलीत जात आणि मी बाहेरच्या बाकावर जप करीत बसे. ते बाहेर आले की मी चेहऱ्याकडे पाही, आणि ते म्हणत, “शास्त्रीबुवा, हे डॉक्टर बदलावे लागणार.”

प्रथम हे वाक्य कानी पडले तेव्हा मी खरोखर हादरलो. वैद्य हे नारायणाचे रूप, हा संस्कार मी पाठशाळेत शिकलो आणि पुढे चाळीस वर्षे तोच शिकवला. न राहवून मी म्हणालो, “अहो, देव का कोणी बदलतो?” त्यावर व्याही शांतपणे उत्तरले, “देव नाही बदलत. पण चतुर्थीला एका गणपतीपुढे रांग लागली, की तुम्ही पलीकडच्या गणपतीला जाताच ना?” मी जातो, हे खरे होते. त्यामुळे माझा वाद तेथेच संपला.

डॉक्टर सोडण्याची त्यांची कारणे ऐकून मी किती वेळा अवाक् झालो, त्याची गणती नाही. एका डॉक्टरांच्या दवाखान्यातील तुळस वाळलेली होती. “ज्यांना दारातली तुळस जगवता येत नाही, ते मला काय जगवणार?” एक डॉक्टर नाडी न पाहता संगणकाच्या पडद्याकडेच पाहत राहिले. “माझ्यापेक्षा त्या पडद्याची प्रकृती त्यांना अधिक चिंतेची वाटली.” तिसऱ्यांनी, वयोमानानुसार असे व्हायचेच, असे म्हटल्याबरोबर व्याही उठले. “वय सांगायला घरी पत्रिका आहे.” पण सर्वांत मोठा धक्का मला बसला तो एका अतिशय नम्र डॉक्टरांच्या वेळी. त्यांनी व्याह्यांना हात धरून आत नेले, पंखा सुरू केला, पाणी दिले, मुलाबाळांची चौकशी केली. असा डॉक्टर मिळाल्याचे समाधान मी बाकावर बसून मानीत होतो, तोच व्याही बाहेर आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पुण्यात दवाखाना आणि इतकं गोड बोलणं? गिऱ्हाईक नसणार हो यांना.”

बरे, सोडायचे तर गुपचूप सोडावे! व्याह्यांना ते अप्रामाणिकपणाचे वाटे. मराठीत नारळ देणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. आमचे व्याही तो प्रत्यक्ष देत. चांगला शेंडी राखलेला, पाण्याचा नारळ ते स्वतः निवडीत, डॉक्टरांपुढे ठेवीत आणि म्हणत, “आजवर आपण परिश्रम घेतलेत, आभारी आहे.” बहुतेक डॉक्टरांना तो कृतज्ञतेचा वाटे. एकांनी तर तो नारळ धन्वंतरीच्या तसबिरीपुढे ठेवून व्याह्यांना पेढा दिला. घरी येईपर्यंत मला त्यांच्याकडे पाहवेना.

आणि तरीही पेठेतील माणसे डॉक्टर बदलावा की नाही, हे विचारावयास त्यांच्याकडेच येत. त्यांच्या खालच्या मजल्यावरील गृहस्थ दोन वर्षे गुडघ्याच्या गोळ्या घेत होते. व्याह्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “या दोन वर्षांत डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावला का?” लावला नव्हता. “मग बदला.” दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिले, तर मूळ दुखणे कमरेत निघाले. ते गृहस्थ आता पर्वती चढतात. एका बाईंना व्याह्यांनी सांगितलेले तर मी आजही विसरलेलो नाही. “डॉक्टरांना प्रश्न विचारायची धास्ती वाटायला लागली ना, की समजा, वेळ झाली.” हे ऐकून माझ्या मनात आले, हा मनुष्य विक्षिप्त असेल, पण याला काहीतरी कळले आहे.

गेल्या तीन वर्षांत मात्र नारळ फार वेगाने फुटू लागले. मी ते वाढत्या वयाचे चक्रमपण समजलो. भाद्रपदात एकदा व्याही माझ्याकडे आले आणि पहिल्या मजल्यापर्यंत येण्याआधीच जिन्यात बसले. ओठ निळसर झाले होते. मी धावलो तर म्हणाले, “तुमचा जिना वाढलाय, शास्त्रीबुवा.” मी हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

दुसऱ्याच आठवड्यात नवा दवाखाना ठरला. या वेळी डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या. निघताना विहीणबाईंनी एक कापडी पिशवी माझ्या हाती दिली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “ही डॉक्टरांच्याच हाती द्या. ह्यांच्या नको.” पिशवी पोचवायची म्हणून इतक्या वर्षांत प्रथमच मी आत गेलो. व्याह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी सोवळ्यात असलेल्याला शिवलो की काय!

डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकले. मग पिशवीतील कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडले. सात कागद, सात डॉक्टर, सात हस्ताक्षरे. त्यात तुळस वाळवणारे होते, गोड बोलणारेही होते. आणि सातांनी लिहिलेले एकच होते : हृदयाची झडप अरुंद झाली आहे, विलंब न करता शस्त्रक्रिया करावी. सर्वांत जुना कागद तीन वर्षांपूर्वीचा होता. या सातांपैकी प्रत्येकाच्या दाराबाहेर, भिंतीच्या अलीकडे, मी माळ ओढीत बसलो होतो!

“काका,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “डॉक्टर सात झाले. आजार एकच राहिला. मी आठवी, मीही हेच लिहिणार. नारळ आणलाय का?”

व्याही चपापले. “तुम्हांला कोणी सांगितलं?”

“पेठेत सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. नारळवाले काका म्हणतात तुम्हांला.”

व्याही नेहमीप्रमाणे उठले. “चला, शास्त्रीबुवा. या बाई फार बोलतात.” आणि मी, ज्याने मुलीच्या सासऱ्यापुढे कधी आवाज चढवला नाही, त्यांचा सदरा धरून ओरडलो, “खाली बसा! बसा म्हणतो ना!”

आम्ही दोघेही सारखेच थक्क झालो. ते बसले. समोरचे कागद त्यांनी एकावर एक रचले. मग म्हणाले, “धरणाचा दरवाजा अडकला तर मागं काय होतं, हे मला शिकवायला नको हो. जन्मभर तेच केलं. पहिल्या डॉक्टरनं झडप म्हटलं, तेव्हाच कळलं. म्हणून तर दुसरीकडं गेलो. तिथंही तेच. मग वाटलं, एखादा तरी नाही म्हणेल.” डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. व्याह्यांनी तो घेतला. “छाती उघडतात, शास्त्रीबुवा,” ते मला म्हणाले. “मला भीती वाटते.”

मी म्हणालो, “वाटू दे. मी दारापर्यंत येतो.”

नवरात्रापूर्वी शस्त्रक्रिया झाली. ईश्वरकृपेने ते वाचले. झडप नवी बसली. पण तीन वर्षे दाराशी धडका देऊन हृदयच थकले आहे, आणि ते पूर्वीसारखे होणार नाही, असे शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले. वेळेवर आला असतात तर, असे ते म्हणू लागले आणि माझ्याकडे पाहून थांबले. ते वाक्य त्यांनी पुरे केले असते तर बरे झाले असते. कारण आता ते रोज मीच पुरे करतो.

परवा डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेलो, तेव्हा व्याह्यांनी स्वतः विचारले, “माझ्यात आता कितपत राहिलंय?” बाईंनी सांगितले. त्यात गोड थोडे होते, कडू बरेच होते. व्याही शेवटपर्यंत ऐकत राहिले, उठले नाहीत. दवाखान्यातून त्यांच्या घरचा रस्ता पूर्वी दहा मिनिटांचा होता. आता ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, दर दोन दुकानांपाशी थांबत चालतात, आणि थांबले की समोरच्या पाटीवर काहीतरी तिरकस बोलतात. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मला फार थोडा वाटतो.

वाचकहो, आज आपल्या दारी लागणारा दिवा दीर्घकाळ तेवो. आपल्या घरातील थोरांना खरे सांगणारा वैद्य लाभो, ते ऐकण्याचे बळ लाभो, आणि आत जाताना त्यांच्याबरोबर कोणीतरी असो. श्रीधन्वंतरी आपणां सर्वांचे रक्षण करो.